बायोडेटातून गाळलेल्या साड्या

तिच्या बायोडेटाची पहिलीच ओळ होती: ‘सेल्स एक्झिक्युटिव्ह, अ‍ॅपरल रिटेल, दादर, साडेपाच वर्षं.’ मी विचारलं, “अ‍ॅपरल म्हणजे नक्की काय विकतेस?” ती घुटमळली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, “साड्या, मॅडम. पैठण्याच जास्त.”

“मग तसं का नाही लिहिलंस?”

“ते... बरं दिसत नाही ना.”

मुंबईत महागड्या घड्याळांच्या आणि चामड्याच्या वस्तूंच्या दुकानांत मी अकरा वर्षं उभी राहिले आहे, त्यातली शेवटची चार मॅनेजर म्हणून. आता या क्षेत्रात नोकरी मागणाऱ्यांची तयारी करून घेते. दर महिन्याला पाचसहा जण येतात आणि त्यातल्या बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते: इंग्रजी सुधारून द्या. ही मुलगीही त्यासाठीच आली होती. तिच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. तिचं नाव, साडीचं दुकान आणि घड्याळांचा ब्रँड मुद्दामच सांगत नाही.

ती सत्तावीस वर्षांची. डोंबिवलीला आईवडिलांकडे राहते, मराठी माध्यम, बी.कॉम. दादर पश्चिमेच्या एका जुन्या साडीच्या दुकानात बावीस हजार पगार, लग्नसराईत वर थोडं कमिशन. दुकानाचे मालक म्हणजे ‘काका’. सगळे त्यांना काकाच म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा.

पहिली मुलाखत

माझ्याकडे येण्याच्या महिनाभर आधी तिने लोअर परळच्या एका मॉलमधल्या परदेशी घड्याळांच्या बुटीकमध्ये अर्ज केला होता. जागा ‘क्लायंट अ‍ॅडव्हायझर’ची. या धंद्यात सेल्समन, सेल्सगर्ल हे शब्द कुणी उच्चारत नाही. काम विकण्याचंच. मैत्रिणीच्या ओळखीने बोलावणं आलं आणि वीस मिनिटांत ती बाहेर आली.

त्या बुटीकची मॅनेजर माझी जुनी सहकारी, त्यामुळे ती वीस मिनिटं मला दोन्हीकडून ऐकायला मिळाली.

मुलीकडून ऐकलेली अशी. आदल्या दिवशी घेतलेल्या उंच टाचांच्या सँडल, मैत्रिणीचा ब्लेझर, आणि पाठ केलेलं वाक्य, ‘आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट लक्झरी.’ मॅनेजरने विचारलं, लक्झरी म्हणजे काय? तिने ‘हेरिटेज, क्राफ्ट्समनशिप, एक्स्क्लुझिव्हिटी’ असे तीन शब्द ओळीने म्हणून दाखवले. मुलाखत काउंटरपाशी उभ्यानेच चालली होती. सँडल चावायला लागली म्हणून तिने उजव्या पायाची टाच हळूच बाहेर काढली. कुणाला दिसलं नसेल असं तिला वाटलं.

मॅनेजरला ते दिसलं होतं. पण त्यावरून तिने नकार दिला नाही. तिने विचारलेला साधा प्रश्न होता, “आजवर विकलेली सगळ्यात महाग वस्तू कोणती?” आणि उत्तर आलं, “अराउंड ट्वेंटी थाउजंड.” मॅनेजरने कागदावर लिहिलं: नम्र आहे, लक्झरीचा अनुभव नाही.

मी तिला विचारलं, “खरंच वीस हजार?”

“नाही. एक लाख पंच्याऐंशी हजारांची एक गेली होती मागच्या वैशाखात. पण अ‍ॅपरल म्हटल्यावर एवढी किंमत कोण खरं मानणार? आणि साडी म्हटलं असतं तर हसले असते.”

मुलाखतीत लोक आकडे फुगवतात हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. नऊने भागून सांगणारी ही पहिलीच.

मंगळवारची दुपार

इंग्रजीचं नंतर बघू म्हणून मी तिच्या दुकानात जाऊन बसले. मंगळवार, दुपारचे तीन. लांबट दुकान, एका बाजूला काउंटर, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या खोळीची गादी. काकांना वाटलं मी भाचीसाठी साडी बघते आहे. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

तिघी आल्या. नवरी, तिची आई आणि एक आत्या. आई बसायच्या आधीच म्हणाली, “पंधरापर्यंतच दाखवा हं.” हिने मान डोलावली आणि पुढे पैशाचा विषयच काढला नाही. पंधराच्या आतल्या तीन उलगडल्या. चौथी घडीतच ठेवली, फक्त काठ दिसेल अशी. नवरीचे डोळे त्या काठावरून हलेनात, तशी हिने ती उघडली, पदर तिच्या खांद्यावर टाकला आणि तिला दारापाशी नेलं. “ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा दिसतो. उजेडात बघा.” मग पदर उलटा केला. “मागून बघा, पुढच्यासारखाच आहे. यंत्रमागावरची असती तर इथे दोरे सुटलेले दिसले असते.”

आत्या आल्यापासून गप्प होती. हिने पदराचं दुसरं टोक आत्याच्या हातात दिलं, “जरा धरता का?” असं म्हणून. आत्याने जर अंगठ्याखाली चोळून पाहिली आणि पहिल्यांदा बोलली, “बांगडी मोर ना हा?” तिथून पुढे सगळा सौदा आत्याच्या तोंडून होत गेला.

ती साडी होती अठ्ठावीस हजारांची. नवरीला तीच हवी होती. आणि इथे या मुलीने जे केलं त्यासाठी मी खुर्चीवरून पुढे सरकले. तिने स्वतःच त्या साडीची घडी घातली. “ही तुझ्या रंगावर जरा दबतेय,” म्हणाली, आणि एकोणीस हजारांची मुनियाच्या काठाची काढली. पंचवीस मिनिटांत बिल झालं.

नंतर चहाला मी विचारलं, खरंच दबत होती का? “नाही हो, फार सुंदर दिसत होती. पण आईने पर्सची चेन दोनदा उघडली आणि लावली. अठ्ठावीसची नेली असती तर रात्री घरात वाद झाला असता. मग बस्त्याच्या बाकीच्या साड्या दुसऱ्या दुकानात.”

नवरीशी ती खोटं बोलली, हे खरं. मॅनेजर असते तर मी तिला सांगितलं असतं की गिऱ्हाइकाच्या रंगावर कधीही बोलायचं नाही, दुसरं काहीतरी कारण शोध. पण नऊ हजारांची विक्री हातची सोडायला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, आणि ज्यांना ते आपलं आपण कळतं ते या धंद्यात टिकतात. त्या तिघी आठव्या दिवशी बस्ता बांधायला परत आल्या, हे तिने मला फोन करून सांगितलं.

निघताना तिने वही दाखवली. हिशेबाची लांब, लाल कापडाच्या बांधणीची, मागच्या बाजूने सुरू केलेली. साडेपाच वर्षांच्या नोंदी. मी दोन उतरवून घेतल्या:

‘विलेपार्ले. मोठ्या मुलीचं लग्न वैशाखात. मोरपंखी दाखवू नये, विहीणबाईंकडे तोच.’

‘मुलुंड, डॉक्टर. स्वतः बोलत नाहीत. बायकोकडे बघून मान हलवली की झालं.’

परदेशी ब्रँड याला क्लायंटेलिंग म्हणतात. त्यासाठी सॉफ्टवेअर असतं, दर तिमाहीला ट्रेनिंग असतं, आणि कुणी किती नोंदी केल्या याचा आढावा असतो. निम्मी मुलं त्या रकान्यात ‘नाइस क्लायंट’ एवढंच लिहून मोकळी होतात. हे मी वैतागून लिहिते आहे, कारण अकरा वर्षांत असे शेकडो ‘नाइस क्लायंट’ मी वाचले आहेत.

कागद नव्याने

नवा बायोडेटा एका पानाचा केला. ‘अ‍ॅपरल’ गेलं, ‘हातमागाच्या पैठण्या आणि लग्नाचे बस्ते’ आलं. किमती १२,००० ते १,८५,०००. सर्वात मोठा बस्ता, एकाच कुटुंबाचा, चार लाख साठ हजारांचा. एका हंगामात परत आलेल्या किंवा दुसऱ्याला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांची संख्या तिने वहीवरून मोजली. भाषांमध्ये मराठी, हिंदी आणि कामापुरती गुजराती. ही गुजराती ती दुकानातच शिकली होती आणि तीही तिने गाळली होती. ‘इंग्लिश: फ्लुएंट’ हे मी खोडलं. ‘वाचते, लिहिते, बोलायचा सराव सुरू’ असं लिहिलं. ती नाखूश होती.

इंग्रजीबद्दल स्पष्ट सांगते. ते लागतच नाही असं म्हणणारे खोटं बोलतात. ईमेल, स्टॉकच्या नोंदी, दुरुस्तीचे अर्ज, परदेशातल्या ट्रेनरशी व्हिडिओवरचं बोलणं, हे सगळं इंग्रजीत चालतं. पण मुंबईत सहा लाखांचं घड्याळ घेणारा माणूस इंग्रजीतच बोलतो हाही भ्रम आहे. माझी मोठी गिऱ्हाइकं गुजराती-मारवाडी होती, हिंदीत बोलणारे ठाण्याचे बिल्डर होते, आणि कोल्हापूरचे एक शल्यविशारद होते जे दुकानात शिरताच “काय म्हणताय?” असं मोठ्याने विचारायचे आणि सगळा स्टाफ दचकायचा.

आता थोडं या धंद्याच्या रचनेबद्दल, कारण उमेदवार इथे फसतात. एकाच ब्रँडच्या किरकोळ दुकानात परदेशी कंपनीला ५१ टक्के गुंतवणूक करायला भारत सरकारने २००६ मध्ये परवानगी दिली. १०० टक्क्यांची मुभा २०१२ मध्ये आली, तीही इथून ठरावीक प्रमाणात माल खरेदी करण्याच्या अटीवर. त्यामुळे आजही अनेक परदेशी नावांच्या पाट्यांमागे भारतीय भागीदार किंवा वितरक कंपनी असते. दारावर एक नाव, नेमणूकपत्रावर दुसरं. काही वेळा पगार तिसऱ्याच, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीकडून येतो. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, कायम कधी करणार आणि इन्सेंटिव्ह कुणाच्या धोरणाप्रमाणे, हे सही करायच्या आधी विचारायचं असतं.

पुढची तयारी म्हणजे दुकानं बघणं. मी तिला तीन ठिकाणी पाठवलं. हॉर्निमन सर्कलला, जिथे २०११ पासून एर्मेस या महागड्या फ्रेंच ब्रँडचं दुकान आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या २०२३ च्या नोव्हेंबरात उघडलेल्या जिओ वर्ल्ड प्लाझात. आणि लोअर परळच्या पॅलेडियममध्ये. काम एवढंच: आत जायचं, पाच मिनिटं थांबायचं, कोण कसं बोललं ते लिहून आणायचं.

हॉर्निमन सर्कलला तिने बागेला तीन फेऱ्या मारल्या आणि परतीची गाडी पकडली. दरवानाने अडवलं वगैरे काही नाही, ती त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मी बरोबर गेले. आत गेल्यावर ती एका रेशमी स्कार्फपाशी थांबली, विचारून तो हातात घेतला, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर उलटा करून मागची बाजू बघितली. समोरची मुलगी हसून म्हणाली, असं फार कमी लोक बघतात. मग दोघी शिवणीवर आणि कडांच्या दुमडीवर दहा मिनिटं बोलत राहिल्या, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी. बाहेर आल्यावर तिला दाराची भीती राहिली नव्हती.

पॅलेडियम उभं आहे ते १९०५ सालच्या फिनिक्स मिलच्या आवारात. तिचे आजोबा त्याच भागातल्या दुसऱ्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि १९८२ च्या संपात घरी बसले, हे तिने मला फार उशिरा, भलत्याच गोष्टीच्या ओघात सांगितलं. त्यात काव्य शोधायचा मोह मलाही झाला. ती मात्र करी रोडला उतरून मॉलपर्यंत चालायला किती मिनिटं लागतात ते मोजत होती.

घड्याळांचं ज्ञान तीन आठवड्यांत जेवढं होतं तेवढं दिलं. सेलवर चालणारं क्वार्ट्झ, मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं ऑटोमॅटिक. यंत्राचे ताशी २८,८०० ठोके म्हणजे सेकंदाला आठ, म्हणून सेकंदकाटा सरकल्यासारखा दिसतो. क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं, स्विस प्रमाणपत्र मिळवायला यंत्राची दिवसाची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत लागते. ‘स्विस मेड’ छापायला २०१७ पासून निर्मितीखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो. हे सगळं तिने पाठ केलं. मी सांगितलं, यातलं काहीही विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शंभर रुपयांचं घड्याळही वेळ दाखवतं आणि खिशातला फोन त्याहून अचूक दाखवतो. सहा लाखांचं घड्याळ कुणालाच ‘लागत’ नाही, जशी लाखाची पैठणी लागत नाही. मुलगा सीए झालेला असतो, पंचविसावा वाढदिवस असतो, कंपनी विकलेली असते. ते काय आहे ते आधी काढून घ्यायचं.

“म्हणजे बस्त्यासारखंच,” ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरी मुलाखत

त्याच बुटीकमध्ये चार महिन्यांनी जागा निघाली. मी जुन्या सहकारणीला फोन केला, “परत एकदा बघ, या वेळी काय विकते ते नीट विचार.” हे लपवत नाही: माझ्या फोनशिवाय एकदा नाकारलेला अर्ज कुणी दुसऱ्यांदा उघडला नसता. ओळखीशिवाय या क्षेत्रात शिरता येतं, पण उशीर लागतो.

या वेळी काळी पँट, स्वतःच्या मापाचा साधा शर्ट आणि दोन आठवडे रोज वापरून मऊ केलेले सपाट काळे बूट. अत्तर नाही, नखं आखूड आणि स्वच्छ. ट्रेवर ठेवलेल्या घड्याळाइतकाच गिऱ्हाइकाला हातही दिसतो.

मॅनेजरने तिला ट्रे दिला, स्टीलचं एक घड्याळ दिलं आणि आपल्या सहकाऱ्याला गिऱ्हाईक केलं. तो चपला घातलेल्या, घाईतल्या माणसाची नक्कल करत आला. “बस देख रहा हूँ.”

तिने ट्रे पुढे केलाच नाही. पाणी विचारलं. मग, “आरामात बघा. कुणासाठी बघताय?” तो म्हणाला स्वतःसाठी. ती त्याच्या मनगटाकडे बघून म्हणाली, “हे जुनं घड्याळ वडिलांचं का?” नाटकात नसलेला प्रश्न होता तो. त्या सहकाऱ्याच्या हातात खरोखरच त्याच्या वडिलांचं एचएमटी होतं. दोन मिनिटं तो नाटक विसरून वडिलांबद्दल बोलत राहिला. मग तिने घड्याळ काढलं, तबकडी त्याच्याकडे करून, दोन्ही हातांनी.

त्याने पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण चावी भरल्यावर घड्याळ किती तास चालतं, ते विचारलं. तिला माहीत नव्हतं. “मला आत्ता सांगता येणार नाही, विचारून येते,” म्हणाली, मॅनेजरकडे गेली, विचारलं, परत येऊन सांगितलं.

मग ठरलेला प्रश्न आला, जो या धंद्यात प्रत्येकाला रोज ऐकावा लागतो. “दुबईत स्वस्त मिळतं.” आम्ही यावर तयार केलेलं उत्तर तिने दिलंच नाही. ती हसली आणि म्हणाली, “आमच्याकडे रोज म्हणतात, येवल्याला जाऊन आणली तर स्वस्त पडेल. पडते कधीकधी. मी भांडत नाही. पण वर्षाने जर ओढली गेली की तीच माणसं रफू करायला आमच्याकडे येतात, आणि आम्ही करून देतो. तुम्ही दुबईहून आणलंत तर विमानतळावर जाहीर करून ड्यूटी भरावी लागेल, ती धरून हिशेब बघा. आणि इथून घेतलंत तर पट्टा ढिला झाला, काच खरवडली, वेळ चुकायला लागली, तर मला फोन करा. मीच असेन.”

मॅनेजरने मला रात्री फोन करून हे शब्द सांगितले. पण त्याआधी एरिया मॅनेजरची व्हिडिओवरची फेरी झाली होती आणि तिथे गाडं अडलं. त्याने विचारलं, “तुमच्या जुन्या दुकानातली किती गिऱ्हाइकं तुम्ही इकडे आणाल?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि मी तिला पढवून ठेवलं होतं: ‘दोनशे कुटुंबांशी थेट संपर्क आहे’ असं सांग. या धंद्यात माणसाला घेतात ते पुष्कळदा त्याच्या फोनमधल्या नंबरांसाठी. मीही माझ्या वेळी तसंच केलं होतं.

ती म्हणाली, “सर, वही काकांची आहे. मी ती दुकानात ठेवून येणार. कुणी आपणहून आलं तर गोष्ट वेगळी.”

मला आधी राग आला. तिने सरळसरळ माझा सल्ला धुडकावला होता. नंतर विचार करताना वाटलं की तिचंच बरोबर होतं. ते नंबर गिऱ्हाइकांनी काकांच्या दुकानाला दिले होते, घड्याळाच्या जाहिरातीसाठी नाही. माझ्या सल्ल्यात ही बाजू नव्हती. आता मी तो सल्ला कुणाला देत नाही.

या प्रामाणिकपणावर खूश होऊन त्यांनी तिला घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एरिया मॅनेजरने शेरा मारला, ‘स्वतःचा क्लायंट बेस नाही’, आणि चाळीस हजारांची अपेक्षा छत्तीसवर आणली. त्या एका उत्तराची किंमत महिना चार हजार. घेतलं ते मॅनेजरच्या आग्रहाने, येवल्याच्या उत्तरावर.

अटी

ऑफर आल्यावर मुलं पगाराचा आकडा बघतात आणि लगेच ‘येस सर’ लिहितात. तिला मी दोन गोष्टी विचारायला लावल्या.

एक, पहिले सहा महिने पगार मनुष्यबळ कंपनीकडून येणार होता. कायम करण्याचे निकष लेखी मागितले. मिळाले, पण अर्धवट.

दुसरं, रात्रीचं जाणं. मॉल बंद होतो दहाला, मग मालाची मोजणी, तिजोरी, आणि डोंबिवली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्याखाली येणाऱ्या आस्थापनेत रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. तिने हे एका ओळीच्या ईमेलमध्ये, माझ्याकडून व्याकरण तपासून घेऊन, विचारलं. उत्तर यायला चार दिवस लागले. आठवड्यात दोनच रात्रपाळ्या आणि त्या दिवशी गाडी. उभं राहण्याबद्दल मात्र काही करता आलं नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. दादरच्या गादीवर ती निदान मांडी घालून बसायची. बुटीकमध्ये नऊ तास पायांवर.

तिसरी अट तिची स्वतःची होती. बुटीकला ती १ डिसेंबरला हवी होती, कारण डिसेंबरात परदेशातली मंडळी घरी येतात. ती म्हणाली, पौष लागल्याशिवाय येणार नाही. तुळशीचं लग्न झालं की दादरला श्वास घ्यायला वेळ नसतो, काकांना भर हंगामात टाकून कशी जाऊ? एचआरच्या मुलीला पौष म्हणजे काय ते समजावण्यात एक फोन गेला. शेवटी २० डिसेंबर ठरलं. काकांनी जाताना तिला एक साधी इरकल दिली आणि “तिकडे पण मागची बाजू बघून घे,” म्हणाले. ही काकांची जुनी सवय, काहीही घेताना.

पहिले तीन महिने

पहिले पाच आठवडे तिने एकही घड्याळ विकलं नाही. साडीच्या दुकानात दिवसाला सातआठ बिलं करणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. रिकामं, गार, अत्तराच्या वासाचं दुकान. सकाळी मोजणी, रात्री मोजणी, मधे काचा पुसणं आणि संदेश लिहिणं. रोज रात्री कल्याणच्या गाडीतून तिचा मेसेज: ‘आज पण शून्य.’ मी तिला माझा जुना अनुभव सांगितला, एका घड्याळाला चार महिने लागले होते. तिला त्याने बरं वाटलं नाही.

तिथल्या काही गोष्टी तिला नव्याने शिकाव्या लागल्या. दोन लाखांच्या वर पॅन मागायचं, आणि दोन लाख किंवा अधिक रोख घ्यायचीच नाही. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर एक टक्का कर गोळा करावा लागतो, तो गिऱ्हाइकाला विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे तोंड वाकडं न करता सांगायचं. दादरला नोटा मोजून घेणाऱ्या मुलीला सहा लाखांच्या गिऱ्हाइकाकडे पॅन मागताना घाम फुटायचा. दोनदा तिने तो विषय चुकीच्या वेळी काढला, घड्याळ मनगटावर असताना, आणि दोन्ही वेळा माणूस ‘विचार करून येतो’ म्हणून गेला. हे तिच्यापासून शिकण्यासारखं आहे म्हणून सांगते: घड्याळ उतरवून ट्रेवर आलं, ‘हेच’ असं म्हणून झालं, आणि ती खोका आणायला वळली, की मगच कागदाचं बोलायचं. तिने हे तिसऱ्या वेळी जमवलं.

ते तिसरं गिऱ्हाईक म्हणजे पट्ट्याची एक कडी काढून घ्यायला आलेले एक वयस्क गृहस्थ. घड्याळ आधीच त्यांच्याकडे होतं, काम फुकटातलं, त्यामुळे बाकीच्यांनी ते हिच्याकडे ढकलले. कडी निघेपर्यंतच्या वीस मिनिटांत तिने त्यांना चहा दिला आणि मुलीच्या लग्नाचं ऐकून घेतलं. त्यांच्याबरोबर एक अबोल धाकटे भाऊ होते. तिने घड्याळ परत देताना ते आधी भावाच्या हातात दिलं. दोन आठवड्यांनी दोघे परत आले, होणाऱ्या जावयासाठी. सात लाख चाळीस हजार.

त्या रात्री तिने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. गिऱ्हाइकाच्या नोंदीचा रकाना, इंग्रजीत, एका स्पेलिंगच्या चुकीसह. त्याचं मराठी असं होईल: ‘घाटकोपर. धाकट्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत. निळी तबकडी दाखवू नये, भावाकडे तीच. भावाला आधी विचारावं.’